कोथिंबिरीला गेलेले काऊबॉय बूट

एकदा एका पोरीच्या हातात अमेरिकेतल्या गुराख्यांचे बूट पडले आणि तिची पार झोप उडाली.

पोरीचं नाव शलाका खराडे. राहणार कोल्हापूर, मंगळवार पेठ. वय एकोणीस. बारावीला दोनदा आपटलेली, पण हातात कात्री दिली की कापड तिचं गुमान ऐकायचं. आणि बूट म्हणजे काय साधेसुधे नव्हेत! काऊबॉय बूट! तपकिरी चामडं, पुढून टोकदार, मागं तिरकी टाच, नडगीच्या अर्ध्यापर्यंत चढलेले आणि वर पिवळ्या दोऱ्यानं काढलेली वेलबुट्टी. पाय आत घातला की फप् करून आवाज यायचा. शलाकानं पहिल्या दिवशी तो आवाज ऐकायला बूट बावीस वेळा घातले आणि काढले.

हे बूट तिला कुणी हौसेनं दिले नव्हते. राजारामपुरीत वैजयंती मॅडमचं बायकांच्या कपड्यांचं मोठं दुकान आहे. तिथं कपडे बेतणारी एक मुलगी पाहिजे होती. अर्ज आले ढीगभर, त्यातून तिघी उरल्या. मॅडमनी तिघींच्या घरी, परत करायच्या बोलीवर, एकसारखे बूट पाठवले आणि सोबतच्या चिठ्ठीत एकच अट लिहिली. "या बुटांवर रोजचा पोशाख करा. बाई ऑफिसला जाईल, बाजारात जाईल, पोराला शाळेत सोडेल, असा. बूट उपरे वाटले तर तुम्ही गेलात. पुढच्या रविवारी, अकरा वाजता, स्वतः घालून यायचं."

इकडं शलाकाच्या वडलांनीही आपली अट घातली होती. रविवारी काम मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर सोमवारची पहिली एसटी धरून गडहिंग्लज, काकांच्या खताच्या दुकानात, युरियाच्या वासात जन्म काढायचा. शिवणकाम बंद. वडील बोलायचे ते करायचे, हे शलाकाला चांगलं ठाऊक होतं. तिचं शिवणयंत्र त्यांनी आधीच एका गिऱ्हाइकाला दाखवून ठेवलं होतं.

म्हणून ती बूट काखेत मारून पळत सुटली ती थेट हौसाक्काकडं.

हौसाक्का म्हणजे पेठेतली शिवणाची गुरू, शलाकाचीही. वय चौऱ्याहत्तर, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू आणि जिभेला धार अशी की कात्रीनं लाजावं. तिच्या वर्गात यंत्रं सहा, पोरी अकरा आणि आरसा एकही नाही. कपडा बसला की नाही हे ती आरशात बघूच द्यायची नाही. ती काम करायला लावायची. मांडी घालून बसा. उठा. बसमधला दांडा धरल्यासारखा हात वर करा. एका नवरीला तर तिनं लग्नाचा ब्लाउज घालून छताची जळमटं काढायला लावली होती. नवरी रडकुंडीला आली, पण लग्नात वरमाला घालताना तिची बाही तसूभरही उसवली नाही.

"आक्का, मी आलो!" शलाका दारातूनच ओरडली. (कोल्हापुरात पोरीबाळी आणि बायकासुद्धा 'आलो, गेलो'च म्हणतात, तेव्हा पुढं कुणी दचकू नये.)

"आलीस ते दिसतंय. बोंबलतीस कशाला?"

शलाकानं एका दमात सगळं सांगितलं. बूट, मॅडम, रविवार, युरिया. हौसाक्कानं एक बूट उचलला, वास घेतला, टाच अंगठ्यानं दाबली, शिलाई डोळ्यांजवळ नेली.

"टाका चांगला हाय. बरं मग, तुझं काय ठरलं?"

"उद्या बघा तुम्ही! डोळं पांढरं हुतील तुमचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. शलाकानं रात्रभर जागून घरातल्या आरशासमोर जी काय कमाल केली होती ती अशी. खाली बूट. वर आखूड जीन्सचा स्कर्ट. त्यावर झालरीझालरींचं जाकीट, चालली की झालरी सळसळणार. कमरेला वाटीएवढ्या बकलाचा पट्टा. गळ्यात लाल रुमाल. आणि डोक्यावर? डोक्यावर टोपी! ही रुंद कडेची, गॅदरिंगच्या सामानातून उसनी आणलेली. वर्गातल्या सगळ्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. एकीनं यंत्राचं चाक घोड्याच्या टापांसारखं वाजवून दाखवलं.

हौसाक्कानं हातातली कात्री खाली ठेवली. कनवटीचे वीस रुपये काढले.

"कोथमीर संपलीय. जा, मंडईतनं घेऊन ये."

"अशी? ह्या कपड्यात?"

"का? मॅडम काय म्हणाल्या? रोजचा पोशाख. मग रोज कोथमीर लागत न्हाई व्हय?"

शलाका निघाली. गल्लीच्या तोंडापर्यंत झोकात गेली. चार पावलं टाकली की खाली बुटांकडं बघायची, परत मान वर, परत खाली. रिक्षा स्टॉपवर पहिला आवाज आला, "ओ मॅडम, घोडा कुठं लावलाय? इथं पार्किंग न्हाई!" पुढं फुलवाली सुलभामावशी, "अगंबाई, शूटिंग हाय का गं? हिरो कुठाय?" मंडईत मुनीर बागवानानं कोथिंबिरीची जुडी देताना दोन्ही हात वर केले. "गोळी घालू नका बाई, फुकट घेऊन जा!" अख्खी मंडई हसली. मेथीवाली तर हसता हसता पोत्यावर बसली.

शलाका परत आली तेव्हा टोपी हातात होती आणि डोळ्यांत पाणी. कोथिंबीर मंडईतच राहिली होती.

"हसले?" हौसाक्कानं विचारलं.

"लई हसले. बूटच वाईट हायत, आक्का. आपल्याकडं चालायचे न्हाईत हे. संपलं माझं. गेलो मी गडहिंग्लजला."

"काढ ते बूट. इथं ठेव. आणि उद्या सकाळी सातला ये."

दुसऱ्या दिवशी शलाका सातला आली आणि दारातच किंचाळली.

हौसाक्का ओसरीवर बसली होती आणि मॅडमच्या नव्याकोऱ्या बुटांना तेल चोळत होती! आपल्या वहाणांना चोळतात तसं, वाटीत बोटं बुडवून, अगदी शिलाईच्या खाचेत. चामड्याचा तो दुकानी चकचकीतपणा पार उतरला होता. बूट गूळ-रंगाचे झाले होते.

"आक्का! अवो ते परत द्यायचेत!"

"द्यायचेच हायत. वापरून द्यायचेत का न वापरता?"

एवढं बोलून हौसाक्कानं एक अचाट गोष्ट केली. बुटांच्या टोकात दोन-दोन मुठी चिंध्या कोंबल्या, कारण बूट तिला मोठे होते. मग नऊवारीचा काष्टा जरा सैल केला, फप्, फप्, दोन्ही पाय आत घातले, हातात पिशवी घेतली आणि निघाली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. नऊवारी लुगडं. खाली काऊबॉय बूट!

"कुठं चाललाय?"

"कोथमीर आणायला. काल तू इसरलीस."

शलाकाला वाटलं, झालं, माझ्या काळजीनं म्हातारीचं डोकं फिरलं. आता पेठ हिला बघणार, टाळ्या पिटणार, आणि सगळं खापर माझ्यावर फुटणार. ती वीस पावलं मागं राहून, ओढणीत तोंड लपवून चालू लागली. रिक्षा स्टॉप आला. शलाकानं डोळे गच्च मिटले.

"आक्का, बसा की, सोडतो मंडईपर्यंत."

"नको रं. पाय मोकळं हुतात."

बास! एवढंच! शलाकानं एक डोळा उघडला. रिक्षावाला पेपर वाचत होता.

सुलभामावशीनं आबोलीचा गजरा पुढं केला. आक्कानं "कालचा हाय, मला येडी समजतीस?" म्हणून परत केला. दोघींचं त्यावरच जुंपलं. मुनीर बागवानाशी तर कोथिंबिरीवरून अशी घासाघीस झाली, की त्यानं शेवटी दोन मिरच्या वर टाकून हात जोडले. अख्ख्या मंडईत एकाच बाईनं, मेथीवालीनं, खाली बघितलं.

"आक्का, टाच दुखायची म्हणत होता. ह्यानं बरं वाटतंय का?"

"व्हय गं. मऊ हायत."

"मग बरं झालं," असं म्हणून मेथीवाली परत मेथी निवडायला लागली. तीच मेथीवाली! काल पोत्यावर बसून हसणारी!

वर्गात परत येईपर्यंत शलाकानं कसाबसा दम धरला. पोचल्या पोचल्या ती फुटलीच.

"हे काय झालं? तेच बूट, तीच मंडई. मला हसले आणि तुम्हाला न्हाई? तुम्ही म्हाताऱ्या म्हणून घाबरले तुम्हाला!"

"मला घाबरून कुणी हसायचं थांबत न्हाई. पाठीमागं तर तूच माझी नक्कल करतीस, मला म्हाईत हाय." हौसाक्कानं बूट काढले, तळपाय चोळले आणि शांतपणे बोलली. "ऐक. काल तू कोथमिरीला गेलीच न्हवतीस. तू बूट दाखवायला गेलीस. दर चार पावलांना खाली बघत गेलीस. आपण बघतो तिथंच लोक बघतात, पोरी. मी कोथमीर आणायला गेलो होतो. माझं सगळं ध्यान जुडीवर होतं, म्हणून मुनीरचंही जुडीवरच होतं. आणि दुसरं. घरात एक पाहुणा आला तर तो दोन दिवसांत घरातला होतो. तू त्याचं अख्खं वऱ्हाड आणलंस. टोपी काय, पट्टा काय, झालरी काय. मग घर कुणाचं हेच कळंना. बूट एकटा ठेव. बाकी सगळं तुझं असू दे."

शलाकानं बूट आपल्यापुढं ओढले आणि त्यांचा रंग निरखायला लागली. 

मग कामाला सुरुवात झाली, आणि काय सुरुवात! शलाकानं इरकलचं सुती कापड काढलं, मेंदीच्या रंगाचं, विटकरी काठाचं. रोज बायका नेसतात तसलं, धुऊन मऊ झालेलं. त्या विटकरी काठाचा रंग तेल प्यालेल्या बुटांशी असा जुळला की तिनं टाळीच वाजवली. घेरदार स्कर्ट बेतला. वर साधा पांढरा कुर्ता, आखूड, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बास. दुसरं चामडं अंगावर नाही, दुसरी चमक नाही.

पहिल्या बेताला स्कर्ट बुटांच्या वरच संपला. मधे पायाची पट्टी दिसायला लागली.

"पाय कापून जोडल्यासारखं दिसतंय," हौसाक्का म्हणाली. "चार बोटं खाली घे. बुटाचं तोंड झाकू दे."

घेतलं खाली. आणि गंमत झाली! उभं राहिलं की बुटाचं नुसतं टोक आणि टाच दिसायची. चाललं की घेर हलायचा आणि वेलबुट्टी जराशी डोकावून परत लपायची. शलाका वर्गभर चालत सुटली. मांडी घालून बसली, उठली, शिडी चढली, बसमागं धावल्यासारखी गल्लीत धावली. कुठं अडकलं नाही, कुठं वर चढलं नाही.

पण हौसाक्कानं आणखी एक लावलं. "रविवारपर्यंत बूट पायातच. दळणाला, दुधाला, सगळीकडं."

पहिल्या दिवशी शलाका गिरणीत दळण टाकून बुटांकडंच बघत उभी राहिली आणि दुसऱ्याच कुणाचा ज्वारीचा डबा घेऊन घरी आली. आई तिला बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी जरा कमी बघितलं. चौथ्या दिवशी एक स्कूटर घासून गेली आणि उजव्या टोकावर चांगला बोटभर ओरखडा उठला. शलाका रडत रडत वर्गात आली.

हौसाक्कानं ओरखड्यावरून अंगठा फिरवला. तिला भलताच आनंद झाला. "आता जरा तुझा दिसायला लागला. डाव्याला पण कुणीतरी धडकायला पायजे होतं!"

रविवार उजाडला. शलाका केएमटीच्या बसनं राजारामपुरीला गेली. बसमध्ये एका बाईचं तान्हं पोर तिच्या मांडीवर आलं, त्यानं कुर्त्यावर लाळ गाळली. लाळ पुसतच ती दुकानात शिरली. बाकीच्या दोघी आधीच आल्या होत्या. एकीच्या अंगात काळं चामड्याचं जाकीट, तेही ऑक्टोबरच्या उन्हात. बिचारी पंख्याखाली उभी राहून घाम टिपत होती. दुसरीच्या डोक्यावर टोपी. शलाकाच्या टोपीहून कितीतरी भारी. दोघी एकमेकींचे बूट बघत होत्या. शलाकाला कापडांचे गठ्ठे दिसले आणि ती तिकडंच ओढली गेली. एका नारायणपेठीचा पोत चिमटीत धरून बघत बसली.

वैजयंती मॅडम आतून आल्या. दोघींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग घड्याळाकडं बघून म्हणाल्या, "तिसरी आली नाही वाटतं?" आणि शलाकाकडं वळून एकदम गोड आवाजात, "तुम्हाला कुणी कापड दाखवतंय ना, ताई? दोन मिनिटं हं. आज जरा मुलाखती चालू आहेत."

 अरे देवा! दहा दिवस मरमर मेलो आणि ह्यांना मी दिसलोच न्हाई! नाकात युरियाचा वास आला.  ज्या पोरीचं तोंड शाळेत चौदा वर्षं कुणाला बंद करता आलं नव्हतं, तिला स्वतःचं नाव सांगता येईना.

मॅडम दोन पावलं गेल्या, थांबल्या आणि परत आल्या.

"ताई, एक विचारू? हा स्कर्ट कुठून घेतलात? असा आमच्याकडं का नाही?"

"मीच शिवलाय," शलाकाचा आवाज कसाबसा फुटला. "मी शलाका खराडे. तिसरी."

मॅडमची नजर हळूहळू खाली गेली. घेर, काठ आणि काठाखाली दोन टोकं, एकावर ओरखडा. त्या वाकल्याच.

"हे आमचेच बूट?"

"तुमचेच. जरा तेल पाजलंय."

"मग मला दिसले कसे नाहीत?"

आता मात्र शलाकाची जीभ सुटली. "मॅडम, मी तुमच्याकडं आलो होतो. बूट नुसते संगं आलेत."

 टोपीवालीनं हळूच टोपी काढली. मॅडमनी वरच्या फळीकडं बोट केलं. "तो निळा गठ्ठा काढून दे बरं." शलाका शिडीवर सरसर चढली, गठ्ठा काढला, खाली उतरून जमिनीवर मांडी घालून तो उलगडला आणि कापड कुठं विरळ आहे तेही न विचारता सांगून टाकलं.

"उद्यापासून ये," मॅडम म्हणाल्या.

बसची वाट कोण बघतंय! शलाका राजारामपुरीपासून मंगळवार पेठेपर्यंत पळत आली. घेर उडतोय, केस सुटलेत, रस्त्यात ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना "झालं! झालं!" म्हणून ओरडतेय. तशीच वर्गात घुसली आणि हौसाक्काच्या गळ्यातच पडली.

"झालं, आक्का! उद्यापासून ये म्हणाल्या! गडहिंग्लज गेलं उडत!"

"अगं भवाने, पाय! पाय बघ!"

"काय झालं पायाला?" शलाका घाबरून एका पायावर उभी राहिली. सुई टोचली की काय, रक्त आलं की काय. कुठं काही दुखेना. मग खाली दिसलं. हौसाक्कानं जमिनीवर पांढरंशुभ्र कापड अंथरून त्यावर खडूनं मापं आखली होती, आणि त्या कापडावर दारापासून आखलेल्या गळ्याच्या मापापर्यंत तिरक्या टाचांचे धुळीचे ठसे उमटले होते. तिचेच. बूट पायात आहेत हे ती साफ विसरून गेली होती.

शलाकानं ठशांकडं बघितलं. मग हौसाक्काकडं.  इतके दिवस जे ऐकलं होतं ते आत्ता कुठं आत उतरलं, आणि उतरताना त्यानं जराही आवाज केला नाही.

 हौसाक्कानं कापड एका टोकाला धरलं, दुसरं टोक शलाकाच्या हातात दिलं आणि दोघींनी मिळून ते झटकलं.

आपणही आयुष्यात नवं काही अंगावर चढवतो, कधी बूट, कधी मोठं पद. ते अंगावर आहे हे ज्या दिवशी आपणच विसरतो, त्या दिवशी ते आपलं होऊन जातं.